कमानियात अडकलेला पुठ्ठ्याचा ट्रक

बाबा गाड्यांच्या कारखान्यात तपासणीला होते. पास गाडीवर हिरव्या खडूची खूण, नापास गाडीवर लाल. निवृत्त झाल्यावर खडू घरी आले आणि पोह्यांपासून माझ्या नोकरीपर्यंत सगळं लाल होऊ लागलं. माझं एक तरी काही त्यांनी पास करावं, एवढीच माझी इच्छा. तिशी उलटली तरी होती. लाज वाटते, पण होती.

म्हणून मी तयार केलेला पटावरचा खेळ त्यांच्यापुढे ठेवला. आमच्या शहरातल्या भर बाजारातली जुनी वेस म्हणजे कमानिया गेट; तिथल्या गर्दीतून आपली गाडी आधी बाहेर काढायची. स्कूटरला अर्धं घर, ऑटोला एक, ट्रकला तीन.

"स्केल काय?"

"अंदाजे."

आमच्या घरात ही शिवी आहे. "अंदाजे काहून? मोजून आनली काय गाडी?"

दुसऱ्या सकाळी आम्ही टेप घेऊन कमानियात. मी टोक धरलं, बाबा वहीत आकडे लिहू लागले. दुकानदारांना वाटलं, अतिक्रमणवाले आले. बघता बघता बादल्या, कपड्यांचे पुतळे, साड्यांचे स्टँड आत गेले. एकाने चहाच आणला. "साहब, अपना तो सब अंदर है." बाबा चहा प्यायले आणि मोकळा रस्ता मन लावून मोजत राहिले.

घरी त्यांनी पट नव्याने आखला, गाड्या मापात कापल्या. खेळ चार मिनिटांत संपला. सगळ्या गाड्या सरळ बाहेर.

"माप तर बरोबर आहे," बाबा हिरमुसून म्हणाले.

मी चिडले. "माप बरोबर आहे, रस्ता खोटा आहे! एवढा रिकामा कमानिया कधी पाहिला तुम्ही?"

मी पुठ्ठ्याच्या बादल्या आणि पुतळे कापून पटावर मांडले. ऑटोला दोन घरं दिली.

"ऑटो एवढा नसते."

"उभा असताना नसतो, बाबा. वळताना असतो."

पुन्हा खेळलो. त्यांचा ट्रक गेटखाली माझ्या ऑटोमागे अडकला. तीन डाव ट्रक हलेना. चौथ्याला ओरडले, "अबे हटा ना भैया! सवारी बाद में बिठाना!"

कोण आलं म्हणून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

बाबा ओशाळले. खिशातून खडू काढला. हिरवा, कोरा करकरीत. मग पट उचलून उलटा केला आणि मागे खूण केली. गाड्या सगळ्या फरशीवर सांडल्या. मी जिंकत होते, पण गाड्या तशाच राहू दिल्या.