लिव्हर ‘फ्री’वरच होता

सुरुवातीलाच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. ‘नव्हता’ नाही, ‘नाही’. इथे बहुतेक जण “माझाही विश्वास नव्हता, पण...” असं म्हणून सुरू करतात आणि शेवटी हात जोडून मोकळे होतात. मी हात जोडणार नाहीये. जे झालं ते सांगते. कुणाला कारण सुचलं तर जरूर कळवा, फक्त आधी पूर्ण वाचा.

मी कोथरूडला राहते. आयुष्यभर एका कारखान्याच्या डिझाइन विभागात नोकरी केली. काम एकच, गिअरबॉक्सची ड्रॉइंगं. निवृत्त झाल्यावर बायका युरोपला जातात, मी जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली. नवऱ्याला मी ‘अहो’च म्हणते, पण इथे सोयीसाठी माधव लिहिते. माधव बँकेतून निवृत्त झालेला, शांत माणूस. जीप बघून तो एवढंच म्हणाला, “रंग तरी बरा आहे.” आणि मग प्रत्येक फेरीला शेजारी येऊन बसायला लागला. पुढे पुढे चालवायलाही लागला.

पहिल्याच पावसाळ्यात वेल्ह्याच्या बाजूला आम्ही चिखलात रुतलो. ट्रॅक्टर येईपर्यंत अख्खी दुपार पुलावर बसून काढली. ज्याने बाहेर काढलं तो गृहस्थ हसत म्हणाला, “काकू, या वयात देवळात जायचं, असल्या वाटेला कशाला?” मी घरी आले ती विंच घ्यायची ठरवूनच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : विंच म्हणजे गाडीच्या पुढच्या बारवर बसवायचा विजेवर चालणारा रहाट. ड्रमवर तारेचा दोर गुंडाळलेला असतो. दोराचं टोक समोरच्या झाडाला बांधायचं, बटण दाबायचं, गाडी स्वतःला ओढून बाहेर काढते. ड्रमच्या बाजूला एक लिव्हर असतो. तो ‘लॉक’वर असला की ड्रम मोटरशी जोडलेला राहतो, दोर जागचा हलत नाही. ‘फ्री’वर केला की ड्रम सुटा होतो आणि दोर हाताने सरासर बाहेर येतो. हा लिव्हर लक्षात ठेवा, बाकी नाही ठेवलंत तरी चालेल.

बसवली मी स्वतः, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. जुना बार उतरवला, जाड पत्र्याची प्लेट कापून आणली, चॅसीच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडली. पहिल्यांदा प्लेट बसेना, एका बाजूचं भोक तिरकं गेलं होतं. ते कानसून सरळ केलं. माधव विंच पोटाशी धरून उभा, मी खालून बोल्ट आवळतेय, अशी आमची वरात बघायला सेक्रेटरी खाली आले.

“वहिनी, पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे.”

“आणि गच्ची म्हणजे तुमच्या पापडांचं अंगण नव्हे,” मी गाडीखालूनच म्हटलं.

ते गेले. माधव म्हणाला, “आता मीटिंगमध्ये विषय येणार.”

“येऊ दे. तुम्ही जरा डावीकडे उचला.”

बॅटरीपासून जाड वायरी ओढल्या, बटण दाबून बघितलं, ड्रम गोड फिरला. लिव्हर लॉक, फ्री, लॉक, फ्री... मी इतक्या वेळा करून बघितला की माधव म्हणाला, “झोपेतही करशील आता.”

नव्या विंचचं एक काम मात्र उरतं. दोर कारखान्यातून सैल गुंडाळलेला येतो. तो एकदा जवळजवळ पूर्ण बाहेर काढून, झाडाला बांधून, गाडीचंच वजन देऊन पुन्हा घट्ट गुंडाळून घ्यावा लागतो. नाही तर ऐन वेळी दोराचे पदर एकमेकांत रुततात. त्यासाठी थोडा चढ आणि एक भक्कम झाड हवं. कोथरूडमध्ये झाड एक वेळ मिळेल, मोकळा चढ कुठला? माधवच्या बँकेतल्या जुन्या ओळखीचे बबनराव म्हणून मांजरीचे शेतकरी आहेत. थोडी जमीन बिल्डरला गेली, उरलेल्यात ऊस. त्यांच्या मळ्यात एक कच्ची वाट वरच्या कडुलिंबापासून खाली जुन्या विहिरीकडे उतरते. त्यांना फोन केला. म्हणाले, “या की. जागा आपलीच हाय.”

थंडीचे दिवस, दुपारची वेळ, लख्ख ऊन. हे मुद्दाम सांगते, कारण पहिला प्रश्न नेहमी ‘अंधार होता का’ असाच येतो. नव्हता. मी चष्मा लावलेला होता. कुणीही काही घेतलेलं नव्हतं, चहा सोडून.

कडुलिंबाला पट्टा बांधला, दोराचा हूक अडकवला. दोर हाताने ओढायचा तर माझा खांदा दुखरा. म्हणून ठरलं असं की लिव्हर फ्री ठेवायचा आणि माधवने जीप हळूहळू मागे न्यायची, म्हणजे दोर आपोआप उलगडत जाईल. दोर संपायच्या बराच आधी थांबायचं. विहीर त्याहून मागे. तिथपर्यंत जायचा प्रश्नच नव्हता.

मी लिव्हर फ्री केला. हाताने दोर ओढून बघितला, सुटा होता. मग बाजूला, झाडापाशी बबनरावांजवळ जाऊन उभी राहिले.

माधवने रिव्हर्स टाकला. दोर छान उलगडत होता. अर्धाअधिक उतार झाल्यावर मी हात वर केला : थांबा. त्याने क्लच दाबला, ब्रेक दाबला... आणि जीप थांबली नाही.

नंतर कळलं ते आधीच सांगते. मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा जुना रबरी पाइप फुटला होता, त्यातून तेल गेलं आणि चारही चाकांचे ब्रेक गेले. त्यात काही गूढ नाही. जुन्या गाडीत होतं असं. पण त्या क्षणी मला दिसलं ते इतकंच, की माधवचा चेहरा बदलला. तो पाय आपटत होता. त्याने हँडब्रेक ओढला, पण अशा गाड्यांचा हँडब्रेक शोभेपुरताच असतो. घाबरून त्याने दुसरा पाय क्लचवरून काढलाच नाही, म्हणजे इंजिनानेही गाडी धरली नाही. जीप वेग घेत खाली निघाली. मागे विहीर. कठडा कधीचाच ढासळलेला.

मला धावायचं होतं. पाय हलले नाहीत. ओरडायचं होतं, तेही झालं नाही. डोळ्यांसमोर फक्त ड्रम दिसत होता, गरागरा फिरणारा, त्याच्यावरून सुटत जाणारा दोर. आणि मला माहीत होतं की तो दोर काही धरणार नाही. मीच तो सुटा केला होता.

आणि ड्रम थांबला.

हळूहळू नाही. फिरता फिरता कुणी तळहात ठेवावा तसा. दोर ताणला गेला, कडुलिंबाची साल करकरली, वरून पानांचा सडा पडला आणि जीप जागच्या जागी उभी राहिली. उजवं मागचं चाक विहिरीच्या अगदी तोंडाशी. काठाची माती खाली पडल्याचा आवाज आला, मग पाण्याचा.

तेव्हा कुठे माझे पाय सुटले. खाली धावले. माधव दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता, डोळे मिटलेले.

“अहो, गिअरमध्ये टाका. पहिला टाका. आता इंजिन बंद करा. हलू नका.”

त्याने तसंच केलं. बबनराव दगड घेऊन आले, पुढच्या चाकांमागे लावले. माधवला आम्ही डाव्या बाजूने उतरवलं. उजव्या बाजूला पाय ठेवायला जमीनच नव्हती. तो खाली बसला आणि माझा हात धरून ठेवला. लग्नानंतर इतक्या वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा.

मग मी पुढे जाऊन बघितलं. लिव्हर ‘फ्री’वर होता.

मी बबनरावांना बोलावलं. “हे बघा. हा कुठं आहे?”

“ह्या अंगाला हाय.”

“नक्की?”

“ताई, मी काय आंधळा हाय का?”

दोर सतारीच्या तारेसारखा ताणलेला. सुट्या ड्रमवर. आणि दोर संपलाही नव्हता, ड्रमवर बरेच वेढे शिल्लक होते. मला सांगा, हे कसं?

बबनरावांनी ट्रॅक्टर आणला, साखळी लावून जीप वर ओढली. ट्रॅक्टरने भार घेतला तसा दोर सैल पडला आणि ड्रम आपसूक उलटा फिरला, पूर्वीसारखाच मोकळा. जीप वर सपाटीला आल्यावर मी लिव्हरला हात न लावता दोर ओढला. रिळावरून दोरा यावा तसा आला. पुन्हा ओढला, पुन्हा आला. माधवने ओढला, बबनरावांनी ओढला. कुठेही अडकला नाही.

बबनरावांनी टोपी काढली. “ताई, एक नारळ फोडा हिथं.”

“कुणाला?”

“ज्यानं धरलं त्याला.”

“कोणी धरलं ते कळलं की फोडीन.”

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. “लई घट्ट हाय तुमी,” म्हणाले. मी त्याला कौतुक समजले.

पुढचे काही दिवस मी एकच काम केलं. विंच उतरवून डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून पूर्ण उघडली. गिअरबॉक्स हा माझा विषय आहे, त्यात मला कुणी शिकवू नये. फ्रीवर असताना दाते चुकून अडकले असते, तर भरल्या जीपच्या झटक्याने त्यांच्या कडा दुखावल्या असत्या. ओरखडा नव्हता. ग्रीससुद्धा सारखं पसरलेलं. दोराचे पदर एकमेकांत रुतले असतील म्हणावं, तर दोर कुठे चेपलेला नव्हता, आणि रुतलेला दोर असा अलगद सुटत नाही. काही विंचच्या ड्रममध्ये आत ब्रेक असतो, त्याचा थोडा अडथळा होतो, हेही मला ठाऊक आहे. तो हाताला जाणवेल इतपत असतो. घसरणारी जीप थांबवेल इतका नव्हे.

विकणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, लिव्हर लॉकच असणार. तुमचा गैरसमज झाला.”

“लॉक असता तर सुरुवातीला दोर उलगडला कसा?”

“मग... नशीब म्हणायचं.”

नशीब हे कुठल्या विभागात येतं, ते मला त्याने सांगितलं नाही.

दरम्यान श्रेय घ्यायला रांग लागली. नणंदेचा गुरुवार होता, म्हणजे तिच्या उपासाने वाचलो. बबनरावांच्या घरी म्हसोबाचं नाव निघालं. सेक्रेटरी म्हणाले, देवाने इशारा दिलाय, ती विंच काढून टाका. मी सगळ्यांना एकच विचारलं : वाचवायचंच होतं तर पाइप कशाला फुटू दिला? यावर नणंद दोन दिवस घरी फिरकली नाही. बरं झालं, टेबलावर सुटे भाग होते.

विंच मी पुन्हा बसवली. त्याच बारवर, तेच बोल्ट. ब्रेकचे सगळे पाइप नवे टाकले. मला वाटलं विषय संपला. न उलगडलेलं एक कोडं, इतकंच. यंत्रांच्या बाबतीत तशी कोडी मी आधीही पाहिली आहेत.

मग एका सकाळी गॅलरीत चहा घेताना माधव सहज म्हणाला, “त्या दिवशी तू ओरडली नसतीस तर मी उडी मारली असती.”

मी कप खाली ठेवला. “मी ओरडले नाही.”

“म्हणजे ओरडली नाहीस, म्हणालीस. मी दार उघडलं होतं. एक पाय बाहेर काढला होता.”

त्याचं दार उजवीकडचं. त्या बाजूला उडी म्हणजे चाकाखाली, नाही तर विहिरीत. हे आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं असावं, कारण तो थांबला.

“काय म्हणाले मी?” मी विचारलं.

“‘धरलंय. बसून राहा.’”

“मी झाडापाशी होते. तुमच्यापासून इतकी लांब. इंजिन चालू होतं.”

“मला माहितीये. पण कानाशीच आलं. मी पाय आत घेतला, दार ओढलं, डोळे मिटले. मग गाडी थांबली.”

“आधी मी म्हणाले आणि मग थांबली?”

त्याने नीट आठवून बघितलं. बँकेतला माणूस आहे, उगाच काही बोलत नाही. “हो. आधी तू म्हणालीस.”

मी तिथूनच बबनरावांना फोन लावला. काही न सांगता विचारलं, त्या वेळी मी काय ओरडले, आठवतं का?

“तुमी?” ते म्हणाले. “तुमच्या तोंडातनं सबूद न्हाई निघाला, ताई. मीच बोंबललो. तुमी निस्त्या उभ्या.”

फोन ठेवला. माधव माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, भीतीने माणसाला काय काय ऐकू येतं, मेंदू आपलाच आवाज बनवतो, यावर पुस्तकं आहेत. तो “असेल” म्हणाला. वाद घालत नाही तो कधी.

“माझाच आवाज होता?” मी तरीही विचारलं.

“तुझाच. शंकाच नाही.” मग तो थोडं हसला. “फक्त तू इतकं शांतपणे कधी बोलत नाहीस.”

माझ्या बाजूने हिशेब असा आहे : मेंदूने आवाज बनवला हे मी एक वेळ मान्य करेन. पण मेंदूने ड्रम थांबवला हे मी मान्य करणार नाही, आणि माधवच्या मेंदूला ते आधीच कळलं होतं हे तर मुळीच नाही. नारळ मी फोडलेला नाही. फोडणारही नाही. ज्याचं नाव मला माहीत नाही त्याचे आभार मी अंदाजाने मानत नाही.

पण ते शब्द मी उच्चारले नव्हते. तो दोर मी धरला नव्हता. आणि माधव आत्ता आतल्या खोलीत पेपर वाचतोय. या तीन गोष्टी एकाच ड्रॉइंगमध्ये कशा बसवायच्या, ते मला अजून जमलेलं नाही.