सीडीवर नसलेली टकटक

आधीच सांगते, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सॅम्पलवर लेबल नसेल तर ते परत पाठवते, मग डॉक्टर कितीही गयावया करोत. भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की मी चहा टाकायला उठते. त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहिते.

आम्ही वसईचे, आता सिडनीत वेस्टमीडला. पपा माझ्याकडेच असतात. वसईत पपा आणि त्यांचा धाकटा भाऊ फिलिपकाका ही लग्नांत गाणारी जोडी होती. दोन गोऱ्या अमेरिकन गायकांची जुनी गाणी – ब्लू-आइड सोल म्हणतात त्याला – एकाचा आवाज खर्जातला, दुसऱ्याचा उंच. खर्ज पपांचा. त्यांची एकच खोड, गाणं सुरू करायची भारी घाई. म्हणून काका बोटातली अंगठी गिटारवर दोनदा वाजवायचा. टक टक. म्हणजे, दादा, आता.

माझ्या लग्नात पपा टकटकीआधीच सुटले. काकाने गिटार थांबवली आणि माइकवर म्हणाला, "दादा, घाई कसली? नवरी अजून इथेच आहे." अख्खा मांडव हसला. पपा स्टेजवरून उतरले ते उतरलेच. अकरा वर्षं भावाशी एक शब्द नाही. एवढ्याशा गोष्टीवरून... पण आमच्याकडे अशीच भांडणं टिकतात.

यंदा मार्चमध्ये पपांच्या घशात कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तपासण्या उरकून आम्ही कार पार्कमध्ये गाडीत येऊन बसलो. मी म्हटलं, "पपा, उद्यानंतर आवाज नसेल. काकाला फोन लावू?"

"त्याला गरज असेल तर तो करील," पपा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

मला रागही आला आणि रडूही. पुढे बोलायला नको म्हणून मी सीडी लावली. त्याच जोडीची ग्रेटेस्ट हिट्स, आदल्या आठवड्यात ऑप शॉपमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळालेली. आधी एकदाही लावली नव्हती.

पहिलं गाणं. सुरुवातीची धून वाजली... आणि टक टक.

अगदी स्पष्ट. लाकडावर धातू. पपांनी मान वर केली आणि बरोब्बर त्या जागी गायला लागले. आवाज फाटलेला, पण आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर. एक कडवं झालं आणि खोकला आला. गाणं पुढे चालूच होतं. पपा म्हणाले, "फिलिपला लाव."

काकाने लगेच उचलला. मागे मासळीबाजाराचा गलका. पपा म्हणाले, "फिलिप, चूक माझी. मीच आधी सुटलो."

मग काका म्हणाला, "दादा, मी माइकवर बोलायला नको होतं रे." तो भर बाजारात रडत होता. पपांचा घसा पार बसेपर्यंत दोघं बोलले.

पुढे मी काकाला विचारलं, त्या वेळी गिटारला हात लावला होतास का? "छे गं. मी बोंबील निवडत होतो. आणि अंगठी तर केव्हाच काढली, बोटं सुजतात."

ती सीडी मी गाडीत पुन्हा लावली, घरी लावली, हेडफोनवर ऐकली. माझ्या लेकीलाही ऐकवली. "देअर्ज नथिंग देअर, मम." खरंच नाही. मला भास झाला म्हणावं, तर ऑपरेशननंतर पपांनी पाटीवर लिहून दिलं – ऐकलं, म्हणूनच सुरू केलं.

आता दर रविवारी चर्चमधल्या मिसानंतर काका व्हिडिओ कॉल करतो. अंगठी बसत नाही, म्हणून घराच्या किल्लीने गिटारवर टक टक करतो. पपा तोंड उघडतात. आवाज येत नाही, नुसते ओठ हलतात. काका तेवढं अख्खं कडवं गिटार वाजवत थांबतो, मग आपला उंच आवाज लावतो.

गेल्या रविवारी तो म्हणाला, "दादा, आता कसा वेळेवर येतोस." पपा इतके हसले की डोळे पुसावे लागले.