आठ कळ्या

माझे सासरे शिंपी. हाताला कंप सुटला तसं त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि घरात खिडकीशी जे बसले ते बसलेच. तोंड उघडलं तर माझ्या एखाद्या कपड्याची शिलाई वाकडी आहे हे सांगायला. त्यांना विरंगुळा म्हणून मी एक निवडुंग आणला. खरं तर माझ्याच आळसाला तो परवडणारा होता. रोपवाटिकेतून मिळालेली नावाची चिठ्ठी वाटेत कुठेतरी पडली.

बाबांनी कुंडी जवळ ओढून चष्मा पुसला. नारळाएवढा हिरवा गोळा, अंगभर पांढरे ठिपके, कंगोऱ्यांवर ओळीने काटे. ते कंगोऱ्यांवरून बोट फिरवत राहिले, दोनदा टोचून घेतलं, मग म्हणाले, “टिकल्यांचं काम सुरेख आहे.” इतक्या महिन्यांनी त्यांना काहीतरी आवडलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले, खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी नावाचा ध्यास घेतला. रोपवाटिकेच्या मालकांना फोन करून वर्णन सांगितलं: अंगावर टिकल्या, सरळ पिवळट काटे, आठ कळ्या, सगळ्या एका मापाच्या. मालकांनी ओळखलं. अ‍ॅस्ट्रोफायटम ऑर्नेटम, ऑर्नेटम म्हणजे नटलेला. एकदम आठ कळ्या ऐकून ते हरखूनच गेले आणि पाणी घालताना अजिबात हात आखडता घेऊ नका म्हणाले. बाबा दिवसभर ते नाव घोळवत होते. गिऱ्हाइकाने सांगितलेल्या मापात त्यांनी जन्मात कधी फरक केला नव्हता. पाणीही तसंच, भर थंडीत, सांगितल्याबरहुकूम.

झाडाचं बूड मऊ पडलं. बाबा पुन्हा खिडकीशी जाऊन बसले. “माझा हात लागला की आता सगळं बिघडतं,” म्हणाले आणि जेवले नाहीत. झाड गेलं तर दुसरं आणता आलं असतं. बाबांना कुठून आणणार होते?

मी फोन केला, तर मालक स्वतः आले. झाड फिरवून फिरवून पाहिलं आणि कळ्या कुठायत म्हणून विचारलं. बाबांनी कंगोऱ्यांवर बोट ठेवलं.

“ह्या काय. आठ.”

झग्याला घेर यावा म्हणून जे तिरके तुकडे जोडतात, त्यांना शिंपी कळ्या म्हणतात. मालकांना हे ऐकून इतकं हसू आलं की ते खुर्चीत बसलेच. मग गंभीर झाले. कूज वर चढतेय, आत्ताच कापावं लागेल, म्हणाले आणि त्यांनी सुरी बाबांपुढे धरली.

“माझा हात थरथरतो,” बाबा म्हणाले.

“माझा थरथरत नाही, पण मला सरळ कापता येत नाही.”

बाबांनी कोपर टेबलावर रोवलं, श्वास रोखला आणि पहिली चकती उतरवली. मधोमध तपकिरी डाग होता. दुसरी चकती. डाग बारीक झाला. तिसरीला आतला गर स्वच्छ निघाला आणि काप असा सरळ की मालकांनी त्यावर तळहात फिरवायचा मोह कसाबसा आवरला. बाबा आपल्या हाताकडे बघत राहिले. तो अजून थरथरत होता, पण ते त्या रात्री जेवले.

झाड सावलीत सुकवलं, काप कडक झाल्यावर कोरड्या रेतीवर बसवलं. पाणी न घालणं बाबांना फार जड गेलं. मुळं धरायला वेळ लागला, पण धरली. आता बाबा शेजारपाजारच्यांच्या कुंड्या तपासतात आणि कोणी पाणी जास्त घातलं तर चक्क ओरडतात. ती चिठ्ठी मी हरवली नसती तर यातलं काहीच घडलं नसतं. ते मालक हसले, पण बाबांना हसले नाहीत, आणि सुरी बाबांच्याच हातात दिली. त्यांचे उपकार मी विसरायची नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी बाबा फोनवर बोलताना मी ऐकलं.

“एक कळी आलीय. पाणी घालू?”

पलीकडून मालकांनी काहीतरी विचारलं. बाबा लाजून हसले.

“फुलाची हो. शिंप्याची नव्हे.”