दुसऱ्या खिडकीचे काका

घोळ माझ्याच हातचा आहे, तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा. फक्त चहा सांभाळा.

तुमसरला आमची ख्रिस्ती मंडळी लहानशी. दर रविवारी सुशीलाबहिणीच्या ओसरीत आम्ही प्रार्थनेला जमतो. तिथे सगळे एकमेकांचे भाऊ-बहीण. मी तेव्हा नवीन होतो, आणि नव्या माणसाचा उत्साह तुम्हाला ठाऊकच आहे.

एका रविवारी पास्टर म्हणाले, "शहापूरच्या मंडळीतले डोमाजीकाका भंडाऱ्याले दवाखान्यात भरती हायेत. खिडकीजवळची खाट हाय. उद्याचा डबा कोण नेईल?"

माझा हात वर.

"ओळखता काय त्यायले?"

"आपल्याच कुटुंबातला माणूस हाय. ओळख कायले लागते?"

वाक्य सगळ्यांना आवडलं. मला तर फारच.

सोमवारी बायकोने मऊ खिचडी दिली. पथ्याचं खाऊन माणूस कंटाळला असेल, म्हणून मी वरून लाखोरीच्या डाळीचे सहा वडे ठेवले. वॉर्डात पोचलो. खिडकीजवळच्या खाटेवर एक काका छताकडे बघत पडलेले.

"काका, घरून डबा आणला."

"कोणाच्या घरून?"

"आपल्याच. तुमसरहून."

त्यांचा चेहरा खुलला. "पोरीनं धाडला काय?"

मला वाटलं, सुशीलाबहिणीला हे मुलगी मानत असतील. "तिनं, अन् सगळ्यायनंच," मी म्हणालो.

डबा उघडून मी डोळे मिटले आणि प्रार्थना केली. चांगली दहा मिनिटं. डोमाजीकाकांना आरोग्य दे, बळ दे, काय काय मागितलं. मग काका जेवले. असं जेवताना मी माणूस पाहिला नाही. सहावा वडा तोंडात असताना सिस्टर आली.

"हे काय चालू हाय? यायचं बारा वाजता हर्नियाचं ऑपरेशन हाय. रातपासून उपाशी ठेवलं यायले. तुम्ही कोण?"

"भाऊ."

"सख्खे?"

"नाही, आत्मिक."

इतक्यात औषधं घेऊन त्यांची बायको आली. मोहाडीची विणकर माणसं, काकांचं नाव किसनजी. पोरगी तुमसरला दिलेली. ऑपरेशन उद्यावर गेलं म्हटल्यावर ती बाई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. तिने दोन दिवस माग बंद ठेवून धीर गोळा केला होता. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"काका, तुम्ही तरी सांगायचं," मी म्हणालो.

किसनजी ओशाळले. "प्रार्थनेत तुम्ही डोमाजी म्हणाले, तवाच समजलं मले. पण भाऊ, डबा उघडा होता."

वॉर्डाला दोन खिडक्या होत्या. दुसऱ्या खिडकीखालून बारीक आवाज आला, "डोमाजी मी हावो. केव्हाचा पाहून राहिलो. पण प्रार्थना चालू होती, मधात कसा बोलू?"

मी पास्टरांना फोन केला. रागावतील वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "थांबा तिथंच." दुपारी मंडळीतले चारजण आले, दोन डबे घेऊन. एक डोमाजीकाकांसाठी, एक किसनजींच्या बायकोसाठी. किसनजींना या वेळी सिस्टरला विचारून पेज दिली. रात्री सुशीलाबहीण किसनजींच्या बायकोच्या सोबतीला राहिली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट पार पडलं. ती बाई बाहेर येऊन मला म्हणाली, "भाऊजी, तुमच्यापायी एक दिवस जास्त लागला, पण एकटी नाही पडली मी."

पुढच्या रविवारी पास्टर म्हणाले, "पवनीची एक बहीण बाळंत झाली. डबा कोण नेईल?"

मी हात वर केला. सगळे पास्टरांकडे बघू लागले.

पास्टर मायेने म्हणाले, "भाऊ, तुम्ही घरी बसूनच प्रार्थना करा. देवाले पत्ता मालूम हाय."