सात दरवाजांचं कोडं

मी निपाणीच्या मराठी शाळेत मास्तर होतो. गणित शिकवायचो. गावात माझ्या हुशारीचा बराच बोलबाला होता. तो निम्मा मीच केलेला होता, हे आता सांगायला हरकत नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती. बायको शहापूरची, विणकराच्या घरातली. जात माझीही तीच, पण आमच्या घरातला माग आजोबांच्या वेळीच मोडला. वडील तंबाखूच्या वखारीत कारकून झाले आणि मी मास्तर. मागावरचा धोटा कसा धरतात तेही मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही याचा मला अभिमान होता. काय म्हणावं त्या अभिमानाला!

एकदा शाळेच्या कामासाठी बेळगावला गेलतो, तेव्हा तिथल्या एका दुकानात ते पुस्तक दिसलं. चित्रकोड्यांचं पुस्तक. रुंद पानं, पातळ कागद, चित्रं एकाच बाजूला छापलेली, पाठ कोरी. झाडाच्या फांद्यांत लपलेला वाघ शोधा. या बाजारात नऊ चुका आहेत, सांगा. या गर्दीत चोर कोणता? उत्तरं शेवटी होती, पण त्या पानांच्या कडा कापलेल्या नव्हत्या. वाचायची तर सुरी घालावी लागायची. दुकानदार म्हणाला, "मास्तर, ही पानं फाडलीत की पुस्तकाची मजा गेली बघा." मी हसलो. मला कशाला लागतायत उत्तरं!

ती मजा मला चांगलीच भोवली. पहिली दहा-बारा चित्रं झटक्यात सुटली, आणि पुढं पुस्तकानं आपले दात दाखवले. तासन् तास त्या फांद्यांकडं बघत बसायचो. वाघ तिथंच आहे, आपल्याकडं बघतोय, आणि आपल्यालाच दिसत नाही, याच्यासारखा संताप दुसरा नाही. पुस्तक आपटून ठेवायचं, उठायचं, पाणी प्यायचं, आणि पुन्हा तेच पान उघडायचं. शाळेत फळ्याकडं तोंड करून उभा असलो तरी डोक्यात त्या फांद्याच. पोरं म्हणायची, "मास्तर, पुढं लिवा की." शेवटी आठव्या दिवशी मी गुपचूप सुरी घेतली आणि उत्तरांची पानं कापली. दुसऱ्या दिवशी शाळेत बाकीच्या मास्तरांपुढं वाघ असा दाखवला, जणू तो मीच तिथं बांधून ठेवलता.

बायकोला वाचता येत नव्हतं. एका रविवारी ती भाकरी वाढायला आली आणि माझ्या खांद्यावरून बघून म्हणाली, "अहो, चोर तर ह्यो हाय. त्याच्या धोतराचा काठ बघा, दोन्ही अंगाला येगळा हाय. दुसऱ्याचं नेसलंय."

मी तीन दिवस त्या चोराच्या मागं होतो. म्हणालो, "गप गं, तुला काय कळतंय त्यातलं." रात्री उत्तर बघितलं. चोर तोच होता.

त्यानंतर असं तीन-चारदा झालं. आणि मग एक दिवस तिनं विषय काढला. विषय अक्षरांचा होता, कोड्यांचा नव्हता. तिची थोरली बहीण वडगावात दिलेली. आक्का शेजारच्याकडून पत्र लिहून घेऊन पाठवायची आणि ते मी वाचून दाखवायचो. मला त्या बायकांच्या गोष्टींचा कंटाळा. ख्यालीखुशाली वाचायची, बाकीचं गाळायचं, पत्र घडी करून द्यायचं. बायको पत्राकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघायची.

"दोन पानं लिवलंय आक्कानं," ती म्हणाली, "आन् तुमी चार वाक्यांत संपवलं. मला शिकवा की वाचायला. गावच्या पोरास्नी शिकवताय, मला न्हाय व्हय?"

शिकवायला काय हरकत होती? काहीच नाही. पण खरं सांगतो, मला तिची भीती वाटली. जी बाई न वाचता चोर पकडते, ती वाचायला लागली तर माझं काय राहणार? हे तेव्हा मनाशी कबूल केलं नाही. तेव्हा मी मास्तरकीचा आव आणला. म्हणालो, "अक्षर म्हंजे काय खेळ नव्हे. डोकं लागतं. बघू तुझं डोकं. शेवटचं कोडं सोडव, दुसऱ्या दिवशी पाटी आणतो. पण एकदाच सांगायचं. चुकलीस तर पुन्हा हा विषय न्हाय."

शेवटचं चित्र म्हणजे सात दरवाजांचा किल्ला. दरवाजे एका रांगेत, आणि आत वाटांचा असा गुंता की बघून डोकं गरगरावं. सगळीकडं झाडं, दगड, शिपाई, हत्ती. कुठल्या दरवाजानं आत गेलं की मधल्या विहिरीवर पोचता येतं? मी त्या चित्रावर महिना घालवला होता आणि उत्तर शेवटी कापलेल्या पानावरच वाचलं होतं. उजवीकडून तिसरा दरवाजा.

ती म्हणाली, "बरं. एकदाच सांगीन."

चार दिवस ती त्या पुस्तकामागं होती. काम टाकलं नाही, भाकरी करपली नाही. दुपारी मी शाळेतून जेवायला यायचो, तेव्हा ती खिडकीपाशी उभी असायची. पुस्तकाचं ते पान उभं धरून, पाठीमागच्या कोऱ्या बाजूनं, उजेडाकडं. मला वाटलं, अक्षरशत्रू बाई, पुस्तक कुठल्या बाजूनं धरावं तेही कळत नाही. मनातल्या मनात हसलोसुद्धा. एकदा तर विचारलं, "पाठ कसली बघतीस त्याची?" ती म्हणाली, "म्होरनं हत्ती-बित्ती लई आडवं येत्यात. मागनं निस्ती वाट दिसती." मी पुढं काही विचारलं नाही.

पाचव्या दिवशी, शनिवारी, सकाळची शाळा करून मी बाहेर सोप्यात बसलो होतो. ती पदराला हात पुसत आली. पुस्तक आतच होतं.

"डावीकडनं तिसरा दरवाजा," ती म्हणाली.

तिच्या तोंडावर काय होतं ते मला अजून दिसतं. ती विचारत नव्हती, सांगत होती. मी क्षणभरसुद्धा थांबलो नाही. "चुकलीस," म्हणालो. "उजवीकडून तिसरा."

"न्हाय, असं कसं हुईल? मी चारदा फिरले त्या वाटंनं."

"छापलंय पुस्तकात. पुस्तक खोटं बोलतंय का?"

पुस्तक घेऊन ये, बोट ठेवून दाखव, एवढं म्हणालो असतो तर! वर्गातल्या पोराला म्हणालो असतो. चुकीचं उत्तर देणाऱ्या प्रत्येक पोराला मी फळ्यापाशी बोलवायचो, कसं केलंस ते करून दाखव म्हणायचो. घरच्या माणसाला म्हणालो नाही. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर तिनं पाटीचं नाव काढलं नाही. आणि मला, देवाशपथ सांगतो, बरं वाटलं.

पुढच्या दिवाळीला आम्ही शहापूरला गेलो. सासरे खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. लुगड्याचा पदर चालला होता. मी जावई, कौतुक करणं भाग होतं. वाकून बघितलं तर नुसते लोंबते धागे, गाठी, काही धड दिसेना. तरी म्हणालो, "छान हाय नक्षी."

सासरे खो खो हसले. "जावईबापू, ही उलटी बाजू. सुलटी खाली हाय. आमी जल्मभर उलट्या अंगानंच विणतो." त्यांनी मागाखाली एक लहान आरसा सरकवला. त्यात नक्षी दिसली, नीटनेटकी, रंगीत. "नक्षीत काय चुकलं ते वरनंच कळतं. धागा कुठनं निघाला, कुठं गेला, सगळं पाठीवर दिसतं. आमच्या धाकटीची नजर लई बारीक. ल्हानपणी हितं बसून सांगायची, आप्पा, डावीकडनं चौथा बुट्टा सुटला."

मी विचारलं, "डावीकडनं म्हंजे कुठनं?"

"हिकडनं. बसणाऱ्याच्या डाव्या हातानं. नेसणारीला तो उजवीकडं दिसतो, पर त्याचं आमाला काय! या घरात समदे मागावरचंच डावं-उजवं बोलत्यात."

तिथंच माझ्या लक्षात आलं. तिनं कागदाच्या पाठीनं वाट शोधली होती. बारीक रेघांचे हत्ती-शिपाई पाठीमागून पुसट होतात, जाड रेघेची वाट तेवढी उजेडात उमटते. आणि त्या बाजूनं जो डावीकडून तिसरा, तोच समोरून उजवीकडून तिसरा. मला महिन्यात जमलं नाही ते तिनं चार दिवसांत केलं होतं, तेही अशा रीतीनं की मला सात जन्मांत सुचलं नसतं.

ती आत चकलीचं पीठ मळत होती. बांगड्यांचा आवाज येत होता. मला फक्त हाक मारायची होती. "अगं, ऐक, तुझं बरोबर होतं." पाच शब्द. आता सांगू, नंतर सांगू, परत जाताना सांगू. परत जाताना मोटारीत ती आक्काविषयी बोलत होती आणि मी मूग गिळून बसलो. घरी गेल्यावर ते पुस्तक शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांना देऊन टाकलं. आठ दिवस गेले, महिना गेला, आणि मग न सांगितल्याची लाज सांगायच्या लाजेवर चढत गेली.

वर्षं गेली. आक्काची पत्रं येत राहिली, मी गाळून वाचत राहिलो, आणि एक दिवस पत्रं यायची थांबली. थोरली मुलगी शाळेत जायला लागली. एकदा पाटी घेऊन आईपाशी बसली, "आई, हा बघ ग. गणपतीचा ग. काढ की."

ती हसली. "नको गं बाई. तुझ्या बाबांनी माझी परीक्षा कवाच घेतलीया. नापास हाय मी. आमचं डोकं म्हंजे खोबरं नसलेला नारळ." पोरगी खदखदून हसली. मी वह्या तपासत होतो, तपासत राहिलो. पुढं घरात ती थट्टाच पडली. आईला काही विचारायचं झालं की पोरं म्हणायची, "तिला काय विचारताय, ती नापास हाय." आणि तीही हसायची.

पेन्शनीत निघालो. मग धान्याची रेशनकार्डं आली. कचेरीत तिला अंगठा लावावा लागला. कारकून पोरगेला होता, कधीकाळी माझ्याच वर्गातला असावा. म्हणाला, "मास्तरांच्या बायकोचा अंगठा? दिव्याखाली अंधार की वो!" सगळे हसले. आणि ती माझी बाजू सावरायला म्हणाली, "त्यांनी लई शिकवलं बाबा, मलाच आलं न्हाय."

तेवढं मात्र मला सोसलं नाही. घरी आल्या आल्या सांगितलं. दरवाजा, आरसा, तिच्या आप्पांचं बोलणं, सगळं. ती अंगठ्याची शाई राखेनं घासत होती. हात थांबले.

"म्हंजे मला येत हुतं?" ती म्हणाली.

"व्हय."

"आन् तुमास्नी त्या दिवाळीपासनं ठावं हाय?"

मी मान डोलावली. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर भांडेल. भांडली असती तर किती बरं झालं असतं. ती पुन्हा बोट घासायला लागली. मी म्हणालो, उद्यापासून शिकवतो. तिनं ते ऐकलंच नाही.

"मी माझ्या पोरास्नी सांगत आले," ती म्हणाली, "तुमची आई ढ हाय म्हणून. माझ्या तोंडानं. त्यास्नी तेच खरं वाटतंय." मग पहिल्यांदाच तिनं मला हुकूम सोडला. "थोरली लेक येईल तवा तिला सांगा. मी न्हाय सांगायची. तुमी सांगा."

थोरली गेल्या महिन्यात कोल्हापूरहून आली, चार दिवस राहिली. बायकोनं मला एकदाही आठवण केली नाही. रोज सकाळी चहा देताना जरा थांबायची, एवढंच. दुसऱ्या दिवशी पोरगी आईला म्हणाली, "राहू दे, तुला न्हाय कळायचं," आणि बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी सुपारी कातरत होतो.

चौथ्या दिवशी पोरीला मोटारीवर घालवायला आम्ही दोघं गेलो. तिनं वाकून नमस्कार केला, चढली, खिडकीत बसली. मोटार सुरू झाली. बायको हात न हलवता माझ्याकडं बघत उभी होती. मी टपावरची ट्रंक नीट बांधलीय का ते बघत होतो.