डोमकळीचा व्हिडिओ

बीटी कपाशीले अळी लागत नाही म्हणत होते, पण गुलाबी बोंडअळी आमच्या वावरात आलीच. माझी बायको शाळेत गेली नव्हती, तरी अळी फुलात असतानाच तिले कळायचं. असं फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राह्यते. त्याले डोमकळी म्हणतात. ती सकाळीच त्या कळ्या तोडून जाळायची.

मलकापूरहून एक शेतकी मॅडम आल्या होत्या. म्हणाल्या, "काकू, हे आफ्रिकेतल्या कापूसवाल्यांना दाखवू. काका, व्हिडिओ काढून फोनवरच पाठवा."

दुसऱ्या दिवशी बायको लग्नातलं लुगडं नेसून वावरात हजर! मी फोन धरला.

"हसून काऊन राह्यले? नीट धरा," ती मधेच खेकसली.

सांजच्याले मॅडमचा फोन आला. "काका, यात नुसते तुम्हीच दिसता." फोनचा आपल्याकडचा कॅमेरा चालू राह्यला होता, अन् उन्हात मले पडद्यावर काही दिसलं नव्हतं.

"घ्या! आता आफ्रिकेत ह्याच मिशा पाह्यतील," बायको म्हणाली. लुगडं पेटीत गेलं होतं, ते काही ती पुन्हा नेसली नाही. मॅडमनं तिचा आवाज घेतला अन् त्यावर फुलांचे फोटो जोडले.

औंदा ती गेली. फोनमधी तिचा तेवढा एकच व्हिडिओ आहे, अन् त्यात ती नाही. आवाज तिचा, तोंड माझं. तरी मी रोज लावतो. ती कपाशीच्या एका तासातून, म्हणजे ओळीतून, दुसऱ्या तासात जाते, तसे त्यात माझे डोळे फिरतात. ती कुठं उभी होती, ते मले बरोबर कळते.