तांबोळी सरांचा कच्चा लेख

तांबोळी सर नवा शोधलेख कच्चा असतानाच इंटरनेटवर टाकून द्यायचे. तज्ज्ञांनी तपासायच्या आधीच, सगळ्या जगाला उघडा. वर ठळक ओळ: 'यात चूक असेल. सापडली तर कळवा.' मग एक छापील प्रत पिशवीत घालून स्कूटरवरून मार्केट यार्डात जायचे आणि कांद्याच्या गोण्यांवर बसून हमालांना समजावून सांगायचे. "अहो, परीक्षक कांदा फक्त ताटात बघतात," म्हणायचे.

मी त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. थप्पीतल्या वरच्या गोण्यांमधला कांदा कमी सडतो, हा माझा निष्कर्ष. चार महिने सडके कांदे मोजत होते! सर आमचा तो लेख यार्डात समजावून सांगत होते, त्या दुपारी पत्र्याच्या फटीतून ऊन गळत होतं, त्यात कांद्याचे पापुद्रे तरंगत होते आणि सरांचा आवाज कुठून तरी लांबून येत होता. मला छान झापड आली होती. तेवढ्यात बबनराव हमाल म्हणाले, "पर सायेब, गोण्या आमी दर बेस्तरवारी फिरवतो. वरची खाली, खालची वर."

माझी झोपच उडाली. मी थप्पीतली जागा तेवढी लिहून ठेवली होती. गोणीवर खूण एकही नव्हती.

आणि त्याच आठवड्यात नियतकालिकाकडून लेख स्वीकारल्याचं पत्र आलं. परीक्षकांना काहीच खटकलं नव्हतं. पदवी अगदी हातातोंडाशी आलेली.

"सर, कोणाला कळणार आहे?"

"बबनरावांना कळलंय. तुम्हाला कळलंय. आणखी किती माणसं हवीत?"

त्यांनी लेख मागे घेतला. मी चिडले, रडले, महिनाभर त्यांच्या खोलीकडे फिरकले नाही. मग निमूटपणे गोण्यांना रंगाच्या खुणा करून पुन्हा मोजायला बसले. पदवी दीड वर्ष लांबली.

सर गेले, त्यानंतर एका संध्याकाळी मी त्या लेखाचं इंटरनेटवरचं जुनं पान पहिल्यांदाच उघडलं. रागाच्या भरात तेव्हा बघितलंच नव्हतं. खाली सरांची टीप होती: 'गोण्या फिरवल्या जातात, हे बबनरावांनी दाखवून दिले. गोण्यांना खुणा न करण्याची चूक माझी.'

माझी नव्हे, त्यांची! खुणा करायचं काम सर्वस्वी माझं होतं. आयुष्यभरात त्यांनी जगापुढे मांडलेलं एवढं एकच खोटं असेल.

डोळे पुसले आणि त्या टिपेखाली माझ्या पूर्ण नावानिशी लिहिलं, 'चूक सरांची नव्हती. माझी होती.'